हल्लेखोर कोण, ते नायिकेला का आठवणार नाही

दवाखान्यातली खाट, डोक्याला पट्टी आणि डोळे किलकिले करत शुद्धीवर येणारी नायिका. "मी कुठे आहे?" हा तिचा पहिला प्रश्न. "मी कोण आहे?" हा दुसरा. उशाशी काळजीने खंगलेला नवरा, दारात वही घेऊन उभा असलेला पोलीस अधिकारी, आणि "स्मृती कधीही परत येईल, फक्त तिला ताण देऊ नका" असं सांगून निघून जाणारे डॉक्टर. तिच्यावर कोणीतरी जीवघेणा हल्ला केलाय. तो कोण हे एकट्या तिलाच ठाऊक, आणि नेमकं तेच ती विसरलीय. हल्लेखोर मोकाट आहे. तिला आठवायच्या आत त्याला अर्धवट राहिलेलं काम उरकायचंय. पुढचा दीड तास आपण काही जागचे हलत नाही.

टीव्हीसाठी म्हणून बनवलेल्या थरारपटांचं हे लाडकं कथानक. हा प्रकार रुजला अमेरिकेत. १९६४ मध्ये एनबीसीने खास टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट दाखवला, १९६९ पासून एबीसीने दर आठवड्याला असा एक चित्रपट दाखवायचा धडाका लावला. तोही जाहिरातींसकट दीड तासात बसवलेला. पुढे लाइफटाइम या वाहिनीने १९९० मध्ये स्वतःचा पहिला चित्रपट काढला, तोदेखील स्मृती हरवलेल्या बाईच्या आणि तिच्या जिवावर उठलेल्या माणसाच्या गोष्टीचा.

निर्मात्यांना हे कथानक का आवडतं ते उघड आहे. एक दवाखाना आणि एक घर एवढ्यात काम भागतं. पात्रं पाच-सहा, आणि प्रत्येकावर संशय घेता येतो. शिवाय जाहिरात लागण्याआधी प्रेक्षकाला खिळवून ठेवणारं काहीतरी लागतं. ते इथे फुकटात मिळतं: एकदा हातमोज्याची झलक, एकदा बुटांचा आवाज, एकदा अर्धवट दिसलेला चेहरा. अर्ध्यातून टीव्ही लावणाऱ्याचंही काही बिघडत नाही, कारण जेवढं त्याला माहीत नाही तेवढं नायिकेलाही माहीत नसतं.

या सगळ्याचा डोलारा एकाच गृहीतकावर उभा आहे. हल्ल्याची आठवण नायिकेच्या डोक्यात शाबूत आहे, फक्त कुलूपबंद आहे, आणि योग्य किल्ली सापडली की दार उघडेल. खऱ्या आयुष्यात डोक्याला जबर मार बसलेल्या माणसाच्या बाबतीत गडबड होते ती इथेच. बहुतेक वेळा त्या खोलीत काही ठेवलेलंच नसतं.

आठवण तयार होते तरी कशी

आपण पाहतो, ऐकतो, घाबरतो ते सगळं त्याच क्षणी कायमचं साठत नाही. दिसलेलं एका भागात, ऐकलेलं दुसऱ्या, भीती तिसऱ्या, असे घटनेचे तुकडे मेंदूत विखुरलेले असतात. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तो या तुकड्यांची मोट बांधतो. ही बांधणी पक्की व्हायला वेळ लागतो. पेशींमधले जोड टिकाऊ होण्यासाठी नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, त्यात काही मिनिटांपासून काही तास जातात. पुढे झोपेत आणि नंतरच्या आठवड्यांत ती आणखी घट्ट होत जाते. म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी ही कल्पना १९०० मध्येच मांडली होती.

डोक्यावर घाव बसतो तेव्हा हे काम मध्येच थांबतं. कागदावरची शाई ओली असतानाच कोणी त्यावरून हात फिरवावा, तसं होतं. आधीच्या पानांवरचं वाळलेलं लिखाण शाबूत राहतं, शेवटच्या काही ओळी जातात.

याचा फार सुंदर पुरावा १९७० मध्ये यार्नेल आणि लिंच या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ते अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेलाच थांबले. एखाद्या खेळाडूच्या डोक्याला मार बसला, तो गांगरून बाहेर आला, की तिथल्या तिथे त्याला विचारायचं: काय झालं, कोणती चाल चालू होती? खेळाडू गोंधळलेला असे, पण चाल कोणती होती हे सांगे. काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला काही सांगता येत नसे. म्हणजे मार बसला त्या क्षणी आठवण होती, काही मिनिटं टिकली, आणि पक्की न होताच विरून गेली.

यातला एक मुद्दा थरारपटांच्या लेखकांनी अजून नीट वापरलेला दिसत नाही. हल्ला झालेल्या व्यक्तीकडे खरी माहिती असेल, तर ती शुद्धीवर आल्यावर तीन आठवड्यांनी नव्हे, हल्ल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत असेल. रस्त्यावर धावत आलेल्या अनोळखी माणसाला तिने काय सांगितलं, रुग्णवाहिकेत काय पुटपुटली, ते कोणी लिहून ठेवलं का? ती स्वतः ते विसरणार आहे. ऐकणाऱ्याला मात्र आठवत असेल.

किती काळ पुसला जातो? रसेल आणि नेथन यांनी १९४६ मध्ये डोक्याला मार बसलेल्या हजारावर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेकांच्या बाबतीत माराच्या आधीचा हरवलेला काळ अर्ध्या तासाहूनही कमी होता. इजा गंभीर असेल तर तो दिवसांवर, क्वचित वर्षांवर जातो. पण त्यातही एक क्रम असतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्ये लिहून ठेवलंय की नवं आधी जातं, जुनं टिकतं. बरं वाटू लागलं की दरी जुन्या टोकाकडून भरत येते: आधी गेल्या वर्षीचं, मग गेल्या महिन्यातलं, मग त्या सकाळचं आठवतं. घावाच्या लगेच आधीचा तुकडा बहुधा कधीच परत येत नाही.

आता आपल्या नायिकेकडे पाहा. तिला लग्न आठवायला हवं, नवरा ओळखू यायला हवा, शाळेतली बाकं आठवायला हवीत. संध्याकाळी कामावरून निघाल्याचं कदाचित आठवेल, कदाचित नाही. मागून आलेल्या माणसाचा चेहरा मात्र नाही. चित्रपटात बरोबर उलटं होतं: नवरा परका वाटतो आणि चेहरा हळूहळू स्पष्ट होत जातो.

जागी आहे, बोलतेय, पण

शुद्धीवर येणं हा चित्रपटात एक क्षण असतो. खऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो काळ असतो, काही मिनिटांचा किंवा काही आठवड्यांचा. डोळे उघडे असतात, माणूस बोलतो, हसतो, बहिणीला नावाने हाक मारतो, घास गिळतो. पण नवीन काही डोक्यात टिकत नाही. "डॉक्टर कधी येणार?" असं तो विचारतो. डॉक्टर येतात, दहा मिनिटं बोलून जातात. दार बंद होतं आणि तो विचारतो, "डॉक्टर कधी येणार?" घरच्यांना आधी हे गमतीचं वाटतं, मग भीती वाटायला लागते.

इजा किती गंभीर आहे हे ठरवायला हाच काळ उपयोगी पडतो. तासाभरात ओसरला तर सौम्य, दिवसापेक्षा जास्त चालला तर गंभीर, आठवड्यापलीकडे गेला तर अतिगंभीर, अशी ढोबळ वर्गवारी आहे. तो संपला की नाही हे तपासायची एक प्रश्नावली १९७९ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन इथे तयार झाली. प्रश्न अगदी साधे आहेत. नाव काय, जन्म कुठला, आत्ता कुठे आहात, दवाखान्यात कधी आलात, इजेनंतरची आठवणारी पहिली गोष्ट कोणती, इजेआधीची शेवटची कोणती, आज वार कोणता, किती वाजले असतील. शंभरपैकी गुण कापत जायचं. पंचाहत्तरच्या वर गुण येऊन तसेच टिकले, की तो काळ संपला असं धरतात.

दारात वही घेऊन उभ्या असलेल्या त्या अधिकाऱ्याने या काळात जबाब घेतला तर? ती उत्तरं देईल. नीट वाक्यांत देईल, सहीसुद्धा करेल. पण घायाळ मेंदू गाळलेल्या जागा आपसूक भरतो. यात खोटं बोलायचा हेतू नसतो. तिला स्वतःला ते खरंच वाटत असतं. कालच्या दिवसाबद्दल विचारलं तर ती तीन वर्षांपूर्वीच्या सहलीतला प्रसंग कालचा म्हणून सांगेल. आणि आठवड्याने तिला विचारा, जबाब दिल्याचंच आठवणार नाही. म्हणून जबाब घेण्याआधी "ती शुद्धीवर आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "तिला सकाळचं आठवतं का?" असं डॉक्टरांना विचारावं लागतं.

"मी कोण आहे?"

डोक्याला मार लागून स्वतःचं नाव-गाव साफ पुसलं गेलं आणि बाकी बुद्धी, बोलणं, गाडी चालवणं सगळं झकास, असा रुग्ण पडद्याबाहेर जवळजवळ दिसत नाही. सॅली बॅक्सेंडेल या मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चित्रपटांतल्या स्मृतिभ्रंशाची खरपूस झाडाझडती घेतली होती. चित्रपट भूतकाळ पुसतात, खऱ्या रुग्णांना आज घडतंय ते धरून ठेवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. ज्या मोजक्या पात्रांना त्यांनी शाबासकी दिली त्यांत एक ॲनिमेशनपटातली विसराळू निळी मासोळी होती. समुद्रात नवऱ्याला संशयाने पाहणारी नायिका नसते, हा तिचा फायदा.

खऱ्या स्मृतिभ्रंशाचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतल्या दोन्ही हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकण्यात आला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नवी आठवण जवळपास जमवता आली नाही. ब्रेंडा मिलनर या संशोधक वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या आणि दर वेळी त्याच्या लेखी त्या नव्याच असत. पण आपण हेन्री आहोत, आपले आईवडील कोण, लहानपण कुठे गेलं, हे त्याला ठाऊक होतं.

ओळखच हरवणं अस्तित्वात नाही असं नाही. पण ते सहसा घावामुळे नव्हे, असह्य मानसिक ताणातून होतं. अमेरिकेतले अँसेल बोर्न नावाचे धर्मोपदेशक जानेवारी १८८७ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरातल्या बँकेतून पैसे काढून नाहीसे झाले. पेनसिल्व्हेनियात नॉरिस्टाउन इथे ए. जे. ब्राऊन या नावाने त्यांनी छोटंसं दुकान थाटलं. कोणालाही वावगं वाटलं नाही. मार्चमध्ये एका सकाळी ते घाबरून उठले आणि आपण इथे कसे, असं लोकांना विचारू लागले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी ही हकिकत नोंदवून ठेवलीय. थरारपट करतात काय, तर बोर्न यांचं लक्षण उचलतात आणि कारण म्हणून त्याला मोलेसनसारखी मेंदूची इजा जोडतात.

दुसरा फटका बसला की स्मृती परत येते, याबद्दल एवढंच: दुखावलेल्या मेंदूला पुन्हा मार बसणं जिवावर बेतू शकतं. त्याने आठवत काही नाही.

अंगाला मात्र कळतं

एका बाबतीत हे चित्रपट नकळत सत्याच्या जवळ जातात. घरात सगळे नायिकेशी प्रेमाने वागतायत, पण एका माणसाच्या जवळ गेलं की तिच्या अंगावर काटा येतो. का, ते तिला सांगता येत नाही.

जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे एक रुग्ण होती. तिला नवं काहीच लक्षात राहत नसे आणि रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ती ओळखत नसे. एकदा क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. ती कळवळली, आणि थोड्याच वेळात विसरलीही. पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, तर तिने आपला हात झटकन मागे घेतला. का, असं विचारल्यावर आपल्याला हात मागे घ्यायचा हक्क नाही का, असा तिचा सवाल. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या लपवलेल्या असतात. आपल्याला टोचलं होतं हे मात्र तिला आठवलं नाही.

आज याचं स्पष्टीकरण देता येतं. घटना कुठे, केव्हा, कोणाबरोबर घडली हे हिप्पोकॅम्पस जुळवतो. 'यापासून सावध राहा' हा धडा मात्र त्याच्या शेजारचा ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग स्वतंत्रपणे शिकू शकतो. एक निकामी झाला तरी दुसरा चालू राहतो.

पण इथे पटकथाकार एक उडी मारतो आणि आपणही त्याच्याबरोबर मारतो. क्लापारेद यांना टाचणीचं ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच लपवली होती. नायिकेच्या बाबतीत टाचणी कोणाच्या हातात होती ते कोणालाच ठाऊक नाही. ती दचकते ते तो हल्लेखोर आहे म्हणून, की हल्लेखोरासारखाच उंच आहे म्हणून, की दवाखान्यात त्याच्याच आवाजात कोणीतरी ओरडलं होतं म्हणून? दचकण्यातून कारण वाचता येत नाही. तपास कुठे सुरू करावा याचा तो इशारा होऊ शकेल. गुन्हेगार ठरवायला त्याचा उपयोग नाही.

झलक दिसते ती कुठून येते

शेवटून दुसऱ्या जाहिरातीआधी नायिकेला सगळं लख्ख आठवतं. समजा खऱ्या आयुष्यात महिन्याभराने एखादीला खरंच लख्ख चेहरा दिसला. तो कुठून आला असेल?

पहिल्या काही दिवसांत हरवलेल्या काळाच्या कडेचे तुटक तुकडे परततात, हे खरं आहे. पण दरम्यान तिला पंधरा जणांनी पंधरा वेळा काय झालं ते सांगितलेलं असतं. तिने बातम्या पाहिल्यात, जागेचे फोटो पाहिलेत, पोलिसांनी कोणाला पकडलं हे ऐकलंय. मेंदू आठवण साठवतो तेव्हा ती कुठून मिळाली याची पावती बरोबर जपून ठेवत नाही. ऐकलेलं कालांतराने पाहिलेलं वाटू लागतं.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो आणि सांगावा असाच आहे. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता? 'चक्काचूर' ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला, हे तर झालंच. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. 'धडकल्या' गटात ५० पैकी ७ जण हो म्हणाले, 'चक्काचूर' गटात ५० पैकी १६. एका शब्दाने एवढा फरक पडला, आणि हे सगळे धडधाकट मेंदूचे तरुण होते.

मग चित्रपटातल्या त्या संमोहन करणाऱ्या डॉक्टरांचं काय? घड्याळ हलवत "त्या रात्रीत परत जा" असं म्हणणारे ते गृहस्थ तपासाचं सर्वांत जास्त नुकसान करतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्ये या विषयावर अहवाल दिला. संमोहनाखाली माणूस जास्त सांगतो, पण त्यात चुकीचंही जास्त असतं, आणि वर सांगणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र वाढतो. न्यायालयात ठाम साक्षीदार भाव खाऊन जातो. ज्याचा ठामपणाच कृत्रिमरीत्या वाढवलाय, त्याची उलटतपासणी घेऊन तरी काय हाती लागणार?

१९८९, सेंट्रल पार्क

हे कथानक प्रत्यक्षात घडलं तेव्हा काय झालं, ते सविस्तर पाहण्यासारखं आहे.

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या २८ वर्षांच्या ट्रिशा मायली हिच्यावर बलात्कार झाला आणि तिला जबर मारहाण झाली. डोक्यावर इतके घाव होते की ती वाचेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. बारा दिवस ती कोमात होती. सावरल्यावर तिला हल्ल्याचं काहीही आठवत नव्हतं. खटल्यात ती साक्षीला उभी राहिली आणि तिने तेच सांगितलं. तिने कोणाकडेही बोट दाखवलं नाही.

रिकामी जागा दुसऱ्यांनी भरली. त्या रात्री पार्कात असलेल्या मुलांपैकी पाच जणांवर पोलिसांचा संशय बसला. वयं १४ ते १६. अनेक तास चौकशी चालली आणि त्यातल्या चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुलीजबाब दिले. हे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. जागेवर मिळालेला डीएनए पाचांपैकी कोणाचाही नव्हता. हे सगळं खटल्याच्या वेळी ठाऊक होतं, तरी १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले. २००२ मध्ये मातियास रेयेस या आधीच तुरुंगात असलेल्या गुन्हेगाराने हे काम आपण एकट्याने केलं असं सांगितलं. त्याचा डीएनए जुळला. डिसेंबर २००२ मध्ये पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या, तोवर त्यांची तारुण्याची वर्षं तुरुंगात गेली होती. २०१४ मध्ये शहराने त्यांच्याशी ४ कोटी १० लाख डॉलरांवर तडजोड केली. त्यांच्यातला युसेफ सलाम २०२३ मध्ये त्याच शहराच्या परिषदेवर निवडून आला.

हल्लेखोर सापडला तो पीडितेला आठवलं म्हणून नाही. तिला आठवलं असतं तरी ते निर्णायक धरावं का, हाही प्रश्नच आहे. नॉर्थ कॅरोलिनात १९८४ मध्ये बलात्कार झालेल्या एका तरुणीच्या डोक्याला इजा नव्हती. आपण वाचलो तर पुढे ओळखता यावा म्हणून तिने त्या अवस्थेतही हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला. मग फोटोंमधून आणि ओळख परेडमध्ये तिने रोनाल्ड कॉटनला ओळखलं, अगदी ठामपणे. खरा गुन्हेगार पुढे न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा याला आपण कधी पाहिलेलंच नाही असं ती म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटनची सुटका झाली. तिची बुद्धी, तिचा प्रामाणिकपणा, दोन्हींत खोट नव्हती. परेडमधला चेहरा मूळ चेहऱ्याच्या जागी जाऊन बसला होता, एवढंच.

आठवत नाही असं सोंग आणलं तर

चाणाक्ष प्रेक्षक शेवटी विचारतोच: ती नाटक तर करत नाहीये? 'मला काही आठवत नाही' हे आरोपींच्या तोंडचंही जुनं वाक्य आहे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ एक चलाख चाचणी वापरतात. गुन्ह्याच्या तपशिलाचे, फक्त तिथे हजर असलेल्यालाच कळतील असे प्रश्न, प्रत्येकाला दोन पर्याय. हत्यार सुरी होती की दोरी? दार डावीकडे होतं की उजवीकडे? खरंच काही आठवत नसेल तर माणूस अंदाजाने सांगणार आणि वीसपैकी दहाच्या आसपास उत्तरं बरोबर येणार. सोंग करणारा मात्र बरोबर पर्याय ओळखून तो टाळत जातो. त्याची वीसपैकी तीनच बरोबर येतात. निव्वळ नशिबाने इतके कमी गुण मिळणं हजारात एखाद्या वेळी घडतं. इतकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. मात्र दहाच्या आसपास गुण आले म्हणून माणूस खरा ठरत नाही. हुशार सोंगाड्या नाणं उडवूनही उत्तरं देऊ शकतो.

मग हल्लेखोर सापडतो कसा

बहुतेकदा कंटाळवाण्या वाटांनी: नखांखालचा डीएनए, रस्त्यावरचे कॅमेरे, मोबाइल कोणत्या टॉवरला जोडलेला होता, कोणाच्या हातावर ओरखडे आहेत. जबाब घ्यायचाच तर "तो उंच होता ना?" असं विचारायचं नाही. "तुला जे आठवतंय ते तुझ्या पद्धतीने, कुठूनही सुरू करून सांग" असं म्हणून गप्प बसायचं. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोणता हेच माहीत नसावं, म्हणजे त्याच्या नजरेतून, मान हलवण्यातून इशारा जाणार नाही. आणि खरा गुन्हेगार या ओळीत नसेलही, हे तिला आधीच सांगायचं.

उशाशी बसलेल्यांच्या हातातही एक काम असतं, आणि ते पडद्यावर कधी दिसत नाही. तिला काय झालं ते सांगणं टाळता येत नाही. ती विचारत राहणार, आणि गप्प बसणं क्रूरपणाचं होईल. पण एक वही ठेवावी. तिने आपणहून काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून एका बाजूला लिहावं. कोणी तिला काय सांगितलं, कोणता फोटो दाखवला, कोणती बातमी तिच्यासमोर लागली, ते दुसऱ्या बाजूला. सहा महिन्यांनी ती म्हणेल, "त्याचं जॅकेट हिरवं होतं, मला स्पष्ट आठवतंय." तेव्हा हिरवं जॅकेट आधी तिच्या तोंडून आलं, की तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या भाच्याने पेपर वाचून सांगितलं, हे त्या वहीवरूनच कळेल. तिला विचारून ते कळणार नाही.